पंचांची परीक्षा होते, मग मंडळांची तयारी का नको?

गणपती, नवरात्र, ईद, मोहरम जवळ आलं की आपल्याकडे शांतता कमिटीची बैठक लागते. पेण असो की रोहा, चित्र साधारण सारखंच. समोर साहेब, बाजूला दोन-चार पुढारी, मग दोन्ही समाजांतले ज्येष्ठ, मंडळांचे अध्यक्ष, वीज मंडळाचा माणूस, नगरपालिकेचा माणूस. खड्डे, लोंबकळत्या तारा, डीजेचा आवाज, मिरवणुकीचा मार्ग यावर बोलणं होतं. चहा-बिस्कीट होतं, फोटो होतो. बैठक वाईट नसते, उपयोगाचीच असते. पण खोलीभर नजर फिरवली तर पंचविशीच्या आतलं एकही पोरगं दिसत नाही.

आणि गंमत बघा. मिरवणुकीत वाद झाला तर तो ज्येष्ठांमध्ये होत नाही, पोरांमध्ये होतो. कबड्डीच्या सामन्यात दगड पडला तर तो अध्यक्षांच्या हातून पडत नाही. मोबाईलवर रात्री बारा वाजता जे स्टेटस फिरतं ते सत्तरीच्या सदस्यांनी ठेवलेलं नसतं. म्हणजे ज्यांच्या हातात शांतता आहे ते खोलीच्या बाहेर, आणि ज्यांना रात्री दहाला झोप येते ते आत. हा हिशोब कधीतरी बदलायला हवा.

मग ही पोरं असतात कुठे? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मैदानावर.

पेण-रोह्याकडचा माणूस बाहेर कुठेही गेला तरी त्याला कबड्डीबद्दल विचारतात. वाशी, वढाव, दादर, हमरापूर या पट्ट्यात किंवा धाटाव, कोलाड, खांब, चणेऱ्याच्या बाजूला संध्याकाळी एक चक्कर मारा. कापणी झाली, शेतं मोकळी झाली की कुठे मातीचं मैदान रोलून तयार होतंय, कुठे टेनिस बॉलची खेळपट्टी लाल मातीने लिंपली जातेय. प्रत्येक गावाला एक क्रीडा मंडळ, मोठ्या गावाला दोन-तीन. गावदेवीच्या नावाचं एक, मारुतीच्या नावाचं एक, आणि भांडण होऊन फुटलेलं एक 'नव' लावून. आपल्या दोन तालुक्यांत तरुणांची सगळ्यात मोठी संघटना कुठल्या पक्षाची नाही, ती या क्रीडा मंडळांची आहे. वर्गणी काढणं, मंडप घालणं, दिवे लावणं, पाचशे माणसांचं जेवण करणं, रात्रभर सामने चालवणं हे ती पोरं कुणी न शिकवता करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे त्यांना कुणी शिकवलेलं नाही त्यातली एक गोष्ट मुद्दाम शिकवली पाहिजे. सामना असा भरवायचा की दोन गावं, दोन आळ्या, दोन समाज खेळ संपल्यावर आधीपेक्षा जवळ आलेले असतील. निदान लांब गेलेले नसतील.

हे ऐकायला भाषणासारखं वाटतं म्हणून आधी नुकसान काय होतं ते सांगतो.

अंतिम सामना. शेवटची दोन मिनिटं. चढाई करणाऱ्याचा पाय निदान रेषेला लागला की नाही यावर वाद. पंच एक सांगतो, प्रेक्षक दुसरं. माईकवरचा समालोचक तिसरंच काहीतरी बोलून जातो आणि पोरं मैदानात घुसतात. ढकलाढकली, खुर्च्या, मग रस्त्यावर गाड्या अडवणं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून तक्रारी. पूर्वी १४३, १४७ लागायचं, आता नव्या न्याय संहितेत १८९ आणि १९१ लागतं, म्हणजे बेकायदेशीर जमाव आणि दंगल. नावं किती? पंधरा, वीस, 'व इतर'.

आता या वीस पोरांत कोण असतं? पहाटे पाचला उठून पोलीस भरतीसाठी धावणारं पोरगं असतं. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेलं, कायम होण्याची वाट बघणारं असतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्या आशेवर प्रमाणपत्रांची फाईल जपणारं असतं. चारित्र्य पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यात जातो आणि तिथे ती दोन मिनिटांची ढकलाढकली उभी असते. केस पुढे मिटते, दोन्ही गावं आपसात घेतात, पण तोवर भरतीचं वय निघून गेलेलं असतं. त्या घरात कबड्डीचं नाव काढलं तर आई काय बोलते ते तुम्ही ऐकलं असेल.

दुसरं नुकसान दिसत नाही. त्या दिवसापासून त्या दोन गावांची पोरं एकमेकांच्या एसटी थांब्यावर उभी राहत नाहीत. कॉलेजात वेगळ्या बाकांवर बसतात. सोयरिकी अडतात. आणि पुढे निवडणूक आली की कुणीतरी बरोबर त्याच जखमेवर बोट ठेवतं.

इथे एक आक्षेप येणार हे माहीत आहे. 'खेळामुळे माणसं आपोआप जवळ येतात, त्यात आणि प्रशिक्षण कसलं?' आपोआप येत नाहीत, हे महाराष्ट्राच्याच इतिहासाने दाखवलंय.

पळवणकर बाळू हे नाव नव्या पोरांना माहीत नसेल. जन्म १८७६ चा, समाज चर्मकार, घराणं मूळचं कोकणातलं. डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याला इंग्रजांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करता करता गोऱ्यांना गोलंदाजी टाकून तयार झाले. पुढे हिंदूंच्या संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यात हिंदी संघाचे ते सगळ्यात चांगले गोलंदाज ठरले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, तेही मोठ्या वादानंतर.

आणि ती स्पर्धा कसली होती? मुंबईची चौरंगी, पुढे पंचरंगी. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि शेवटी 'इतर'. धर्मावर संघ. लोक तुडुंब गर्दी करायचे, खेळही चांगला व्हायचा. पण १९४० ला गांधीजींनी उघड सांगितलं की धर्माच्या नावाने संघ पाडणं बरं नाही, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. म्हणजे क्रिकेट तेच, मैदान तेच, बाळूही तोच. संघ कसे पाडले, चहा कुठे दिला, कर्णधार कुणाला केलं, यावर सगळं ठरलं.

कबड्डी तर स्पर्शाचा खेळ. समोरच्याचा घोटा धरल्याशिवाय, कंबरेत मिठी घातल्याशिवाय खेळताच येत नाही. ज्या आपल्या जिल्ह्यात १९२७ साली पाण्याला हात लावण्यासाठी महाडला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, त्याच जिल्ह्यात हा खेळ गावोगाव खेळला जातो. केवढी मोठी गोष्ट आहे. पण सामना संपल्यावर जेवणाची पंगत कुठे बसते, वाडीवरचा संघ कुठे बसतो, हे कधी बघितलंय का? बाळूंचा मातीचा पेला संपलाय असं छातीवर हात ठेवून किती गावं सांगतील?

आता दुसऱ्या बाजूचं उदाहरण. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबई होरपळली. नंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मिळून मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. पोलीस आणि वस्तीतली माणसं एका जागी बसवणं हे मुख्य काम. त्यातलंच एक काम क्रिकेटचं. ज्या वस्त्या एकमेकींवर चालून गेल्या होत्या त्यांच्यातल्या दोन्ही समाजांच्या पोरांना घेऊन सामने भरवले. गल्लीतलं पोरगं आणि पोलीस ठाण्यातला शिपाई एकमेकांना नावाने ओळखायला लागले. पुढच्या वेळी अफवा आली तेव्हा फोन करायला कुणाचा तरी नंबर होता. शांतता म्हणजे शेवटी काय, तर वेळेला फोन कुणाला करायचा ते माहीत असणं.

त्याच काळातली भिवंडीची गोष्ट तर आणखी बोलकी. १९७० आणि १९८४ ला भयंकर दंगली पाहिलेलं गाव. तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या बांधल्या. शेजारी मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. कमिट्या दंगलीनंतर नव्हे, दंगलीच्या आधी बांधल्या होत्या आणि बारा महिने चालवल्या होत्या. सणाच्या आठ दिवस आधीची बैठक आणि बारा महिन्यांचं काम, यातला फरक इथे आहे.

बाहेरच्या जगातही हे झालंय. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला. घरी परतल्यावर मेडेयीन शहरात त्याला गोळ्या घातल्या. त्या शहरात टोळीयुद्ध रोजचं. त्यातून तिथे शांततेसाठी फुटबॉल सुरू झाला आणि नियम वेगळे ठेवले. संघात मुली असल्याच पाहिजेत, आणि पहिला गोल मुलीने केला तरच पुढचे गोल धरायचे. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. त्यात सामन्याचे तीन भाग असतात. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून एकमेकांच्या वागण्याला गुण देतात. पंच नाही, मध्यस्थ असतो, आणि तो मध्यस्थ तयार केलेला तरुण असतो. जॉर्डनमध्ये २००७ पासून 'जनरेशन्स फॉर पीस' नावाची संस्था हेच करते. वेगवेगळ्या देशांतल्या तरुण कार्यकर्त्यांना खेळातून तंटे कसे सोडवायचे याचं शिक्षण देऊन आपापल्या गावी परत पाठवते. संयुक्त राष्ट्रांनी ६ एप्रिल हा दिवस विकास आणि शांततेसाठी खेळाचा दिवस म्हणून ठरवलाय. आपल्याकडे त्या दिवशी बहुतेक कुठेतरी उपांत्य फेरी चालू असते, पण कुणाला खबर नसते.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणू नये. शांतीसेना ही कल्पना गांधीजींची, ती १९५७ ला प्रत्यक्षात उभी केली विनोबांनी, आणि विनोबांचा जन्म आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. दंगलीत जाऊन उभं राहायला माणसं आधी तयार करावी लागतात हे त्या माणसाला कळलं होतं. मैदानाचं म्हणाल तर आपल्याकडे आखाडे, तालमी, संघाची शाखा, सेवा दलाची शाखा, सगळ्यांनीच ओळखलं होतं की तरुणाला आधी खेळायला बोलवायचं. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून मुलामुलींना एका मैदानात आणलं, जातधर्म न विचारता. खेळ, गाणी, गोष्टी, चर्चा, सगळं एकाच संध्याकाळी. साने गुरुजींच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात वडघरला आहे. तिथे मुलांची, तरुणांची शिबिरं होतात. म्हणजे शिबिराला जागासुद्धा शोधायला नको. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देऊन काय केलं ते 'झुंड'मुळे घराघरांत कळलंय. कर्जतला मॅजिक बसचं केंद्र आहे, तिथेही खेळातूनच शिकवतात. जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही.

सरकारी बाजूलाही चौकटी आहेत. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेतून समिती, गावातले तंटे गावात मिटवायचे, गावाला बक्षीस. सुरुवातीला गावागावांत उत्साह होता, फलक लागले. आज बऱ्याच ठिकाणी फलक गंजलाय आणि समितीत कोण आहे ते सदस्यालाही आठवत नाही. नेहरू युवा केंद्र, आताचं 'मेरा युवा भारत', युवक मंडळांशी जोडलेलं आहे. कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर दरवर्षी होतं. पोलीस दर वर्षी बैठका घेतातच. कबड्डी संघटना पंचांच्या परीक्षा घेते. सगळे आपापल्या जागी आहेत. फक्त एका टेबलावर कधी बसलेले नाहीत.

तर करायचं काय? माझ्या डोक्यात जे आहे ते मांडतो. ज्यांना जास्त कळतं त्यांनी दुरुस्त करावं.

१. सुरुवात छोटी. पेणची दहा मंडळं, रोह्याची दहा. प्रत्येकातून तिघं. एक खेळाडू, एक संयोजन करणारा, आणि एक मुलगी. मुलगी नावापुरती नको. आपल्याकडे मुलींचे कबड्डी संघ आहेत, चांगले आहेत, पण मंडळाच्या बैठकीत त्या नसतात.

२. दोन दिवस, मुक्कामी. भाषणं कमी. पहिल्या दिवशी मिसळून संघ पाडून खेळायचं, म्हणजे वाशीचा पोरगा आणि शेजारच्या गावचा पोरगा एका संघात. रात्री बसून सामन्यात भांडण कुठून सुरू होतं ते एकेकाने सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर उपाय बसवायचे आणि करून बघायचे. पंच, पोलीस अधिकारी, एखादा वकील, एखादी शिक्षिका, प्रत्येकी एक तास. बाकी वेळ पोरांचा.

३. सामन्याआधीचा अर्धा तास. दोन्ही कर्णधार, दोन्ही गावांचे दोन-दोन माणूस आणि पंच एकत्र बसतील. वादाचा निर्णय कुणाचा ते आधी ठरेल. कबड्डीत मुख्य पंचाला आपण सरपंच म्हणतो. गावच्या सरपंचावर अविश्वास ठराव आणता येतो, मैदानातल्या सरपंचावर नाही, हे सगळ्यांसमोर कबूल करून घ्यायचं. आणि पंच तिसऱ्या गावचा हवा.

४. माईक. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडचे समालोचक जबरदस्त आहेत, रात्रभर माणसं बसवून ठेवतात. पण एक टोमणा, एक 'बघा आता कसे पळतात' आणि मैदान पेटतं. उलट, गर्दी उठायला लागली असताना शांत आवाजात दोन्ही संघांचं कौतुक करणारा समालोचक वीस पोलिसांचं काम करतो. समालोचकांना वेगळं शिकवलं पाहिजे. आता सामने यूट्यूबवर लाईव्ह जातात, म्हणजे तो आवाज मैदानापुरताही राहत नाही.

५. सामन्यानंतरचा अर्धा तास. दोन्ही संघ एका पंगतीला. पाहुण्या संघाची गाडी गावाबाहेर जाईपर्यंत यजमान मंडळाची चार पोरं सोबत. हरलेल्या गावात घुसून डीजे वाजवायचा नाही. चांगल्या वागणुकीचं बक्षीस नुसत्या चषकाचं नको, रोख हवं, आणि ते दोन्ही संघांनी एकमेकांना दिलेल्या गुणांवर ठरावं.

६. व्हॉट्सअॅप. प्रत्येक मंडळातून एक जण ठरवायचा. अफवा आली की तो दुसऱ्या गावच्या त्याच्यासारख्याला फोन करेल, विचारेल, आणि मगच ग्रुपवर लिहील. वीस मंडळांचे वीस नंबर. एवढी यादी झाली तरी शिबिराचा खर्च वसूल.

७. शांतता कमिटीत या पोरांना बसवायचं. पाहुणे म्हणून नव्हे, सदस्य म्हणून.

आता अडचणींबद्दल. अडचण आहेच.

पहिली अडचण पैशाची नाही. एका रात्रीच्या स्पर्धेचा मंडप, दिवे, डीजे, चषक यावर जे जातं त्यापेक्षा तीस-चाळीस-साठ पोरांचं दोन दिवसांचं शिबिर महाग नाही. अडचण आहे ती चषकावरच्या नावाची. स्पर्धा कुठल्यातरी नेत्याच्या नावाने होते, पैसे तो देतो, बॅनरवर तो असतो. यात गैर काही नाही, कुणीतरी पैसे द्यायलाच हवेत. पण गावात दोन पुढारी असले की दोन मंडळं होतात, दोन मैदानं, दोन दहीहंड्या. शेकाप-काँग्रेसच्या जुन्या काळापासून आपल्या गावांनी हे बघितलंय. भाऊ भावाच्या लग्नाला गेला नाही, अशी घरं आहेत. म्हणून प्रशिक्षण कुठल्याही एका नेत्याच्या, एका पक्षाच्या बॅनरखाली नको. तसं झालं तर अर्धी मंडळं येणारच नाहीत. देणगी सगळ्यांची घ्या, फोटो कुणाचाच नको.

दुसरी अडचण कातकरी वाड्यांची. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला बाहेर जातात आणि पावसाळ्याआधी परततात. आपल्या स्पर्धांचा हंगाम नेमका त्याच महिन्यांचा. म्हणजे वाडीवरची चपळ पोरं खेळायला गावात नसतातच. मग आपण म्हणतो, 'त्यांना आवड नाही.' आवड आहे, तारीख नाही. एखादी स्पर्धा पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता, शाळेच्या पटांगणात, चिखलात का होईना, घेता येईल. आणि बोलवायचं तर संघ म्हणून बोलवायचं, मैदान रोलायला मजूर म्हणून नाही.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड. गावकी.

वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी आपल्या जिल्ह्याचं नाव राज्यभर झालं, चांगल्या अर्थाने नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध विधिमंडळाने २०१६ ला कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी एखाद्या घराशी कुणी बोलायचं नाही, दुकानदाराने माल द्यायचा नाही, बोलला तर दंड, असले प्रकार दबक्या आवाजात कानावर येतातच. त्या घरातल्या पोराला मंडळ संघात घेत नाही. तो दुसऱ्या गावाकडून खेळतो, आणि मग 'आपल्याविरुद्ध खेळला' हा आणखी एक गुन्हा.

इथे 'खेळातून शांतता' या शब्दांची खरी परीक्षा आहे. जो अन्याय होतोय त्यावर एक मैत्रीपूर्ण सामना भरवून, हार-तुरे घालून, फोटो काढून पांघरूण घालायचं असेल तर ते प्रशिक्षण न झालेलंच बरं. मंडळाच्या पोरांना हे पक्कं शिकवावं लागेल की कुठला तंटा आपण मिटवायचा आणि कुठला मिटवायचा नाही. रेषेवरचा वाद, बांधावरचा वाद, मिरवणुकीच्या वेळेचा वाद हे बसून मिटवा. पोरीची छेड, जातीवरून शिवी किंवा मारहाण, बहिष्कार, हे मिटवायचे तंटे नाहीत, हे गुन्हे आहेत. तिथे मंडळाचं काम मध्यस्थीचं नाही, तक्रार करणाऱ्याच्या बाजूला उभं राहण्याचं आहे. त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जाण्याचं आहे. तंटामुक्तीच्या काळात बक्षिसासाठी तक्रारीच दाबल्या जातील की काय, ही भीती तेव्हाही बोलून दाखवली गेली होती. ती विसरून चालणार नाही.

पण हेही खरं की बहिष्कार मोडायची सुरुवात कुठून होऊ शकते तर ती मैदानातून. पंगत, लग्न, मयत यात गावकीचा शब्द चालतो. संघात सात कोण खेळणार हे मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी पोरंच ठरवतात. सात पोरांनी ठरवलं की आमचा उजवा कोपरा तोच, तो नसेल तर आम्ही उतरत नाही, तर गावकीला विचार करावा लागतो. कारण गावाला जिंकायचंही असतं. बाळूंना संघात घ्यायला जे कारण होतं तेच हे कारण. फरक एवढाच करायचा की यावेळी चहासुद्धा एकाच भांड्यातून.

काही जण विचारतील, फायदा झाला की नाही हे मोजायचं कसं? सोपं आहे. शिबिराआधीचा हंगाम आणि नंतरचा हंगाम घ्या. त्या वीस मंडळांच्या किती स्पर्धा मध्येच थांबल्या? किती एनसी, किती गुन्हे झाले? किती वाड्यांचे संघ उतरले? मुलींचे किती सामने मुख्य मैदानावर, दिव्याखाली झाले? पाहुणा संघ पुढच्या वर्षी परत आला का? या पाच प्रश्नांची उत्तरं गावातला कुणीही देऊ शकतो, त्यासाठी मोठा अहवाल लागत नाही. उत्तरं वाईट आली तर शिबिराची पद्धत बदलायची.

हे होणारच नाही, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा रोह्यात पोलीस मानवंदना देतात, सगळं शहर रस्त्यावर असतं, आणि एवढी गर्दी सांभाळणारे हात कुणाचे असतात? इथल्याच पोरांचे. पेणहून मूर्ती देशभर जातात, परदेशी जातात, त्या गाडीत चढवताना एक बोटसुद्धा तुटत नाही. हे काम करणारीही इथलीच पोरं. जपून उचलायचं कसं हे त्यांना येतं. फक्त कुणीतरी सांगायला हवं की गावही तसंच उचलायचं असतं.

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. समोरचा एक बाद झाला की हा परत आत येतो. आपल्या पोरांवर मात्र एक गुन्हा पडला की ती परत आत येत नाहीत. म्हणून ती बाहेर जाण्याआधीच काहीतरी केलं पाहिजे.

या हंगामाच्या स्पर्धांच्या तारखा ठरायच्या आत पेण किंवा रोह्यात एक साधी बैठक घेऊया. मंडळांची पोरं, पंच, समालोचक, शिक्षक, कॉलेजातले सेवा योजनेचे सर-मॅडम, आणि पोलीस खात्यातलं कुणीतरी. हार नाहीत, व्यासपीठ नाही, खुर्च्या गोल. ज्या मंडळाला यायचंय त्याने इथे आपल्या गावाचं नाव लिहा. आणि ज्यांच्या गावात हे आधीपासून नीट चालतं, भांडण न होता वर्षानुवर्षं स्पर्धा होते, त्यांनी ते कसं करतात ते चार ओळीत लिहा. अशी गावं आपल्याकडे आहेत. शिबिरात शिकवायला पहिले पाहुणे तीच माणसं असली पाहिजेत.